परग्रहावरच्या यानांचा गुप्त प्रकल्प: डेव्हिड ग्रश यांचे दावे आणि त्यामागचा पुरावा

अमेरिकेच्या सरकारने परग्रहावरून आलेली याने ताब्यात घेतली आहेत, अनेक दशके ती गुपचूप गोळा करून, त्यांचे भाग सुटे करून त्यांची विद्या शिकण्याचा उद्योग चालू आहे आणि हे सगळे लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींपासून लपवून ठेवले आहे, असा आरोप अमेरिकी हवाई दलाचे माजी अधिकारी डेव्हिड ग्रश यांनी जून २०२३ मध्ये जाहीरपणे केला. त्याच वर्षी २६ जुलै रोजी त्यांनी प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीपुढे शपथेवर तेच पुन्हा सांगितले. या यानांबरोबर वैमानिकांचे देह सापडले का, असे सदस्य नॅन्सी मेस यांनी विचारले, तेव्हा काही ठिकाणी जैविक अवशेष मिळाले होते आणि ते मानवी नाहीत असे प्रकल्पाची प्रत्यक्ष माहिती असलेल्या लोकांचे मत आहे, असे उत्तर त्यांनी दिले. जगभरच्या मथळ्यांत या उत्तराचा पहिला अर्धा भाग आला. ‘असे त्या लोकांचे मत आहे’ हा उत्तरार्ध बहुतेक ठिकाणी गळून पडला, आणि सगळी मेख नेमकी त्या उत्तरार्धात आहे.

ग्रश हे कोणी हौशी तबकडीप्रेमी नव्हेत, हे आधी मान्य केले पाहिजे. अफगाणिस्तानातील युद्धात सेवा बजावलेला हा अधिकारी पुढे गुप्तवार्ता विभागात गेला. हेर-उपग्रह चालवणारे राष्ट्रीय टेहळणी कार्यालय आणि उपग्रहांच्या छायाचित्रांवरून माहिती काढणारी भू-अवकाशीय गुप्तवार्ता संस्था या दोन्ही ठिकाणी त्यांनी काम केले. आकाशात दिसणाऱ्या आणि ओळख न पटणाऱ्या वस्तूंची छाननी करण्यासाठी संरक्षण खात्याने जो कृती गट नेमला होता, त्यात २०१९ ते २०२१ या काळात ते टेहळणी कार्यालयाचे प्रतिनिधी होते. या वस्तूंना आता सरकारी कागदपत्रांत ‘यूएपी’ म्हणतात. जुन्या ‘यूएफओ’चेच हे नवे नाव. गुपिते हाताळण्याचे उच्च दर्जाचे परवाने त्यांच्याकडे होते आणि कोणत्या खोलीत कोणता कागद असतो याची जाण असलेल्यांपैकी ते होते. त्यामुळे त्यांचे म्हणणे ऐकून घेणे रास्त होते.

मात्र ऐकून घेताना एक गोष्ट त्यांनी स्वतःच स्पष्ट केली आहे. एकही यान त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले नाही, आणि एकही देह पाहिलेला नाही. चार वर्षांच्या काळात चाळीसहून अधिक लोकांशी आपण बोललो, त्यांतील काहींनी छायाचित्रे, कागदपत्रे आणि गोपनीय तोंडी साक्षी दिल्या, असे त्यांनी सांगितले. न्यायालयाच्या भाषेत याला सांगोवांगीचा पुरावा म्हणतात. असा पुरावा खोटाच असतो असे नाही, पण त्याचे वजन मूळ सांगणाऱ्याच्या वजनावर अवलंबून असते, आणि येथे मूळ सांगणारे कोण ते जनतेला माहीत नाही. त्याच सुनावणीत नौदलाचे निवृत्त वैमानिक डेव्हिड फ्रेव्हर यांनीही साक्ष दिली. नोव्हेंबर २००४ मध्ये सॅन डिएगोजवळच्या समुद्रावर पांढऱ्या, लांबट गोळीच्या आकाराची, पंख नसलेली वस्तू आपण विमानातून पाहिली, असे त्यांनी सांगितले. फ्रेव्हर यांनी काय पाहिले यावर वाद होऊ शकतो, पण ते जे सांगतात ते त्यांचे स्वतःचे पाहणे आहे. दोन्ही साक्षी एकाच टेबलावरून दिल्या गेल्या म्हणून त्यांची प्रत एकच ठरत नाही.

आता या प्रकरणातील सर्वाधिक गोंधळाचा मुद्दा. ‘सरकारच्या महानिरीक्षकांनीच ग्रश यांचा दावा विश्वासार्ह ठरवला’ हे वाक्य गेली काही वर्षे सर्रास फिरते आहे. महानिरीक्षक म्हणजे सरकारी यंत्रणेतील गैरकारभाराच्या तक्रारी तपासणारा अधिकारी. ते वाक्य समजून घ्यायचे तर अमेरिकेतील जागल्यांच्या, म्हणजे आतली गैरकृत्ये उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या, कायद्यात थोडे शिरावे लागते. गुप्तवार्ता यंत्रणेतील कर्मचाऱ्याला काही गैर आढळले, तर तो वर्तमानपत्राकडे जाऊ शकत नाही. तसे केल्यास तुरुंगवास ओढवू शकतो. त्याच्यासाठी १९९८ च्या कायद्याने वेगळी वाट ठेवली आहे. त्याने आपली तक्रार ‘तातडीची चिंता’ या सदराखाली महानिरीक्षकांकडे द्यायची, ती सकृद्दर्शनी विश्वासार्ह दिसते की नाही हे महानिरीक्षकांनी १४ दिवसांत ठरवायचे आणि तशी दिसल्यास ती संबंधित प्रमुखांमार्फत काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, गुप्तवार्ता समित्यांपर्यंत पोहोचवायची. चौदा दिवसांत पूर्ण चौकशी होत नाही आणि कायद्याला ती अपेक्षितही नाही. ही चाळणी आहे, निकाल नव्हे. २०१९ मध्ये ट्रम्प आणि युक्रेनच्या अध्यक्षांमधील दूरध्वनी संभाषणाबद्दलची तक्रार याच वाटेने गेली होती. तिला वजन आले ते पुढे त्या संभाषणाचे टिपण प्रसिद्ध झाल्यावर. केवळ तक्रार चाळणीतून पार पडली म्हणून नव्हे.

ग्रश यांनी मे २०२२ मध्ये अशी तक्रार दिली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ती ‘विश्वासार्ह आणि तातडीची’ ठरली. पण ठरले नेमके काय? तक्रार तयार करण्यात ज्या वकिली संस्थेने त्यांना साहाय्य केले, तिनेच जून २०२३ मध्ये याबद्दल निवेदन काढले होते. काँग्रेसपासून काही माहिती अनुचितपणे दडवली गेली, हे ग्रश यांचे प्रतिपादन महानिरीक्षकांना विश्वासार्ह वाटले. ग्रश यांनी आता जाहीरपणे ज्या गोपनीय माहितीचे वर्णन केले आहे तिच्या तपशिलात ती तक्रार शिरलेली नव्हती, असे त्या निवेदनाचे सार होते. म्हणजे माहिती दडवल्याचा आरोप वेगळा आणि दडवलेली माहिती परग्रहाची आहे हा आरोप वेगळा. पहिल्यावर सकृद्दर्शनी शिक्का बसला. दुसऱ्यावर बसल्याचे कोणी दाखवलेले नाही. याखेरीज, आपण चौकशी सुरू केल्यावर आपला छळ झाला, अशीही ग्रश यांची तक्रार होती. ती यानांच्या खरेखोटेपणापासून पूर्णपणे स्वतंत्र आहे.

असाच दुसरा गैरसमज परवानगीबाबत आहे. ग्रश यांनी मुलाखत देण्यापूर्वी आपण काय बोलणार आहोत ते संरक्षण खात्याच्या प्रसिद्धीपूर्व छाननी कार्यालयाला लिहून दिले आणि त्या कार्यालयाने हरकत घेतली नाही. ‘खोटे असते तर सरकारने बोलू दिले असते का?’ असे म्हणणारे येथे विसरतात की हे कार्यालय फक्त एवढेच पाहते की मजकुरातून गोपनीय माहिती उघड होते का. मजकूर खरा आहे की नाही, हे तपासणे त्याचे काम नाही. किंबहुना ज्या गोष्टीला अस्तित्वच नाही ती गोपनीय असू शकत नाही, असेही कोणी म्हणू शकेल. पण तसा तर्क करणेही घाईचे ठरेल. या परवानगीवरून कोणत्याच बाजूला काही सिद्ध होत नाही.

मग इतके मोठे गुपित काँग्रेसपासून लपवता येणे मुळात शक्य आहे का? काही प्रमाणात आहे, आणि म्हणूनच गंभीर लोकांनी हे प्रकरण झटकून टाकले नाही. अमेरिकेत नेहमीच्या ‘अतिगोपनीय’ दर्जाच्या पलीकडे विशेष प्रवेश प्रकल्प असतात. त्यांत परवाना असलेल्या अधिकाऱ्यालाही नाव यादीत असल्याशिवाय शिरता येत नाही. त्यांतील काहींचे अस्तित्वच मान्य केले जात नाही, आणि त्यांतही अगदी थोड्या प्रकल्पांना लेखी अहवाल देण्यापासून सूट असते. त्यांची माहिती संबंधित समित्यांच्या मोजक्या ज्येष्ठ सदस्यांनाच दिली जाते. हॅरी ट्रुमन उपराष्ट्राध्यक्ष असतानाही त्यांना अणुबॉम्बच्या प्रकल्पाची खरी माहिती नव्हती. ती एप्रिल १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मिळाली. ग्रश यांचा आरोप यापुढे जातो. त्यांच्या म्हणण्यानुसार हा प्रकल्प त्या मोजक्या सदस्यांनाही कळवला गेला नाही आणि त्यासाठीचा पैसा दुसऱ्या कामांच्या नावाखाली वळवला गेला. हे खरे असेल तर यानांत परग्रहवासी बसलेले असोत वा नसोत, तो कायद्याचा भंग आहे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातील सर्वांत तपासण्याजोगा भाग हाच आहे, आणि चर्चेत तोच सर्वांत मागे पडला.

एक गोष्ट या चर्चेत फारशी कोणी मांडत नाही. पडलेली याने गुपचूप उचलून आणणे आणि त्यांची रचना उलगडणे हा उद्योग अमेरिका खरोखरच करत आली आहे, फक्त ती याने माणसांनी बनवलेली होती. १९६६ मध्ये इराकी हवाई दलाचा एक वैमानिक मिग-२१ विमान घेऊन इस्रायलमध्ये उतरला; ते विमान अमेरिकेने उसने घेऊन १९६८ मध्ये नेवाडाच्या वाळवंटातील ग्रूम लेक येथे, म्हणजेच ‘एरिया ५१’ या नावाने गाजलेल्या तळावर, उडवून पाहिले. (त्याच जातीची विमाने पुढे आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बनू लागली होती, हा भाग निराळा.) त्याहून विलक्षण कथा सोव्हिएत पाणबुडी के-१२९ ची आहे. ती १९६८ मध्ये प्रशांत महासागरात सुमारे पाच किलोमीटर खोल बुडाली. सीआयएने तिचा काही भाग १९७४ मध्ये एका खास बांधलेल्या जहाजाने वर काढला, आणि हे जहाज समुद्रतळावरचे मँगॅनीजचे गोळे गोळा करण्यासाठी आहे अशी बतावणी केली. जहाज खासगी उद्योगाच्या नावावर होते. पाणबुडीच्या अवशेषांत सोव्हिएत नौसैनिकांचे मृतदेह सापडले आणि त्यांना सन्मानाने जलसमाधी देण्यात आली. पुढे याबद्दल माहिती मागितल्यावर सीआयएने ‘दुजोरा देत नाही आणि नाकारतही नाही’ हे जे उत्तर दिले, ते तेव्हापासून गुप्तचर खात्यांचे ठरलेले उत्तर झाले.

ग्रश यांच्या कथेतील जवळजवळ प्रत्येक घटक येथे हजर आहे: परक्यांचे वाहन, गुप्त मोहीम, खासगी कंपनी, मृतदेह, खोटी पार्श्वकथा. अशा एखाद्या प्रकल्पाचा केवळ तुकडा कानावर आलेला माणूस प्रामाणिकपणेही भलत्या निष्कर्षावर जाऊ शकतो, कारण या व्यवस्थेत प्रत्येकाला तुकडाच दिला जातो. याच कथेचा दुसरा अर्थही विसरू नये. के-१२९ चे गुपित १९७५ मध्ये, म्हणजे मोहिमेनंतर वर्षभरातच, वर्तमानपत्रांत फुटले होते. ग्रश सांगतात ते गुपित मात्र दशकानुदशके टिकले, असे आपल्याला मानावे लागते. इटलीत १९३३ मध्ये एक यान सापडले आणि ते पुढे अमेरिकेच्या हाती गेले, असेही त्यांनी म्हटले आहे.

या दाव्यांची अधिकृत तपासणी संरक्षण खात्याच्या ‘आरो’ या कार्यालयाने केली. हे कार्यालय जुलै २०२२ मध्ये स्थापन झाले आणि भौतिकशास्त्रज्ञ शॉन कर्कपॅट्रिक त्याचे पहिले संचालक होते. मार्च २०२४ मध्ये त्याने १९४५ पासूनच्या इतिहासाचा अहवाल प्रसिद्ध केला. परग्रहावरचे तंत्रज्ञान सरकारकडे किंवा कोणत्याही खासगी कंपनीकडे असल्याचा पुरावा मिळाला नाही, हा त्याचा निष्कर्ष. ज्या कंपन्यांची नावे साक्षीदारांनी घेतली त्यांच्या वरिष्ठांनी नोंदीवर इन्कार केला. साक्षीदारांनी सांगितलेल्या काही गुप्त प्रकल्पांची नावे खरी निघाली, पण ते प्रकल्प संरक्षणाच्या दुसऱ्याच कामाचे होते आणि काँग्रेसच्या योग्य समित्यांना ठाऊक होते, असे अहवाल म्हणतो.

अहवालातील सर्वांत रंजक प्रकरण ‘कोना ब्लू’ नावाच्या प्रस्तावाचे आहे. नेवाडाचे सिनेटर हॅरी रीड यांच्या पुढाकाराने संरक्षण गुप्तवार्ता संस्थेने २००८ मध्ये एक अभ्यास हाती घेतला. त्याचे सुमारे २ कोटी २० लाख डॉलरचे काम लास व्हेगासचे उद्योजक रॉबर्ट बिगेलो यांच्या कंपनीला मिळाले, आणि तबकड्यांबरोबर भुताटकीसारख्या गोष्टींचीही त्यात चौकशी झाली. संस्थेने हात आखडता घेतल्यावर त्याच मंडळींनी अंतर्गत सुरक्षा खात्याकडे ‘कोना ब्लू’ या नावाने विशेष प्रवेश प्रकल्पाचा प्रस्ताव मांडला. सरकारकडे परग्रहाची याने असणारच, ती मिळाली की त्यांचा अभ्यास येथे करू, अशी त्यामागची कल्पना होती. प्रस्ताव मंजूर झाला नाही, पैसा मिळाला नाही, यान तर नाहीच. पण कागद तयार झाले होते, त्यांवर गोपनीयतेची भाषा होती, आणि पुढे काही साक्षीदारांनी याच नावाकडे गुप्त प्रकल्पाचा पुरावा म्हणून बोट दाखवले. थोड्या, एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांच्या वर्तुळात हीच माहिती वर्षानुवर्षे फिरत राहिली, असे ‘आरो’चे म्हणणे आहे. एकाच विहिरीचे पाणी दहा घागरींत भरले म्हणून विहिरी दहा होत नाहीत, आणि चाळीस साक्षीदारांचा आकडा ऐकताना त्यांच्या विहिरी किती, हे विचारले पाहिजे.

अर्थात ‘आरो’ हे संरक्षण खात्याचेच कार्यालय आहे आणि आरोप संरक्षण खात्यावर आहे. आरोपीच्या घरच्या माणसाने चौकशी केली, हा आक्षेप वाजवी आहे. ग्रश यांची बाजूही ‘आरो’च्या त्या अहवालात थेट आलेली नाही, त्यांना बोलावले असता त्यांनी नकार दिला असे कार्यालय म्हणते, तर ग्रश यांना ते मान्य नाही. शिवाय संरक्षण खात्याचे या विषयातील वर्तन स्वच्छ राहिलेले नाही. वॉल स्ट्रीट जर्नलने जून २०२५ मध्ये दिलेल्या वृत्तानुसार, १९८० च्या दशकात हवाई दलाच्या एका कर्नलने एरिया ५१ जवळच्या मद्यालयाच्या मालकाला तबकड्यांची बनावट छायाचित्रे मुद्दाम दिली होती. चाचणी चालू असलेली गुप्त लढाऊ विमाने कोणाला दिसलीच तर तबकडी म्हणून खपून जावीत, हा हेतू. त्याच वृत्तात आणखी एक तपशील आहे: गुप्त प्रकल्पांवर नव्याने रुजू होणाऱ्या काही अधिकाऱ्यांना ‘यँकी ब्लू’ नावाचा, परग्रहाच्या यानांचा अभ्यास करणारा खोटा प्रकल्प असल्याचे सांगून त्यांच्याकडून गुप्ततेच्या कागदांवर सह्या घेतल्या जात, आणि ही थट्टा होती हे अनेकांना नंतर कधीच सांगितले गेले नाही. असा अधिकारी वीस वर्षांनी शपथेवर साक्ष देईल आणि त्याच्या लेखी तो अक्षरशः सत्य बोलत असेल. ग्रश यांच्या साक्षीदारांपैकी कोणी या थट्टेचा बळी होता असे कोणी दाखवून दिलेले नाही, पण सरकारच्या दाराआड काय शिजत होते याची त्यावरून कल्पना येते.

सिनेटच्या सर्वोच्च वर्तुळालाही हा विषय पूर्णपणे पोकळ वाटला नाही. बहुमत पक्षाचे नेते चक शूमर आणि रिपब्लिकन सिनेटर माइक राउंड्स यांनी जुलै २०२३ मध्ये, केनेडी हत्येची कागदपत्रे खुली करणाऱ्या १९९२ च्या कायद्याच्या धर्तीवर, वार्षिक संरक्षण विधेयकाला दुरुस्ती मांडली. नऊ सदस्यांचे पुनरावलोकन मंडळ नेमावे, जुन्या नोंदी २५ वर्षांनी आपोआप खुल्या व्हाव्यात आणि खासगी कंपन्यांकडे असे साहित्य निघाल्यास सरकारने ते ताब्यात घ्यावे, अशा तरतुदी तीत होत्या. डिसेंबरमध्ये संरक्षण विधेयक संमत होईपर्यंत मंडळ आणि ताब्याची तरतूद दोन्ही गळाल्या. संबंधित कागदपत्रांचा संग्रह राष्ट्रीय अभिलेखागाराने करावा एवढेच उरले. ही छाटणी प्रतिनिधिगृहातील काही सदस्यांच्या विरोधामुळे झाली. ज्यांना गुपित आहे असे वाटते त्यांच्या दृष्टीने हा पुरावाच ठरला. पण विधेयकांच्या वाटाघाटींत तरतुदी दरवर्षीच गळतात, आणि पुरावा नसणे हाच लपवाछपवीचा पुरावा मानायचा ठरवले, तर कोणतीही गोष्ट कधीच खोटी ठरवता येणार नाही.

खरे म्हणजे हा वाद साक्षींनी मिटण्यासारखा नाही. तो मिटेल तर वस्तूने. त्याची रीत शास्त्राला माहीत आहे. मॅग्नेशियमसारख्या मूलद्रव्याचे तीन स्थिर समस्थानिक (म्हणजे अणूचे वजन वेगळे असलेले त्याच मूलद्रव्याचे प्रकार) असतात आणि आपल्या सूर्यमालेत त्यांचे प्रमाण ठरावीक आढळते: सुमारे ७९, १० आणि ११ टक्के. दुसऱ्या ताऱ्याभोवती घडलेल्या द्रव्यात हे प्रमाण वेगळे असण्याची शक्यता असते, आणि प्रयोगशाळेत ते अचूक मोजता येते. मॅग्नेशियम आणि बिस्मथचे थर असलेला एक धातूचा तुकडा अनेक वर्षे, न्यू मेक्सिकोतील रॉसवेलजवळ १९४७ मध्ये तबकडी कोसळल्याची जी कथा सांगितली जाते, त्या अपघातातला म्हणून मिरवत होता. बिस्मथच्या थरांमुळे त्यात विलक्षण गुण आहेत, असा दावा केला जाई. ‘आरो’ने तो टेनेसीतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेकडे दिला. जुलै २०२४ मध्ये अहवाल आला: समस्थानिकांचे प्रमाण पृथ्वीवरचेच, आणि थरांची रचना त्या दाव्याला पुरे पडणारी नाही.

ग्रश यांनी ज्या यानांबद्दल सांगितले, त्यांचा कोणताही तुकडा अशा तपासणीसाठी आजवर जाहीरपणे पुढे आलेला नाही. सुनावणीत ठिकाणे, कंपन्या, व्यक्ती यांविषयीच्या प्रश्नांना त्यांनी अनेकदा ‘हे बंद दाराआडच सांगता येईल’ असे उत्तर दिले, आणि कायद्याने ते बांधलेले असल्यामुळे त्यात गैर काही नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये गुप्तवार्ता महानिरीक्षकांनी प्रतिनिधिगृहाच्या काही सदस्यांना अशाच बंद खोलीत माहिती दिली, तरी बाहेर पडलेल्या सदस्यांमध्ये एकमत दिसले नाही. पुढे ग्रश स्वतःच प्रतिनिधिगृहाचे सदस्य एरिक बर्लिसन यांचे सल्लागार झाले, म्हणजे ज्या संस्थेपासून माहिती दडवली गेली अशी त्यांची तक्रार होती, तिच्याच वतीने ती शोधण्याच्या कामाला लागले. अभिलेखागाराने या विषयासाठी नवा नोंदसंग्रह उघडला असून सरकारी खात्यांकडून कागद तेथे जमा होऊ लागले आहेत.